लेटर : एक शब्द, दोन घरे

या पाठात आपण एकाच इंग्रजी शब्दाचा अभ्यास करणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘लेटर’. पाठ वाचून झाल्यावर या शब्दाचे निरनिराळे अर्थ तुम्हांला संदर्भावरून ओळखता यावेत, प्रत्येक अर्थासाठी योग्य मराठी शब्द योजता यावा आणि कचेरीतून हाती आलेला ‘लेटर’ नावाचा कागद नेमका कोणत्या जातीचा आहे हे ठरविता यावे, अशी अपेक्षा आहे.

प्रास्ताविक

‘लेटर’ हा शब्द इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी असतो. बँकेचे लेटर येते, मुलाच्या शाळेचे लेटर येते, घरमालक भाडेकरूकडे कंपनीचे लेटर मागतो. इतक्या ओळखीच्या शब्दासाठी स्वतंत्र पाठ कशाला, असे तुमच्या मनात येईल. अनोळखी शब्द आला की आपण थांबतो, कोणाला तरी विचारतो, कोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी मात्र आपण थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी बेंगळूरु येथील एका संपर्कवर्गात चाळिशीच्या घरातले एक विद्यार्थी येत असत. मूळ गाव सांगली जिल्ह्यातले. एका कारखान्यात माल बांधण्याचे काम ते बारा वर्षे करीत होते. एके दिवशी तेथील कारकुनाने त्यांच्यापुढे इंग्रजीत टंकलिखित केलेला एक कागद ठेवला आणि तुमचे लेटर आहे, सही करा, असे हिंदीतून सांगितले. लेटर म्हणजे पत्र आणि तुमचे लेटर म्हणजे तुम्हांला आलेले पत्र, असा त्यांनी सरळ अर्थ लावला. दिवाळी तोंडावर आली होती. पगारवाढीचे पत्र असावे, असे समजून त्यांनी सही केली. ते पत्र त्यांना आलेले नव्हते; त्यांच्याच नावाने कारखान्याला लिहिलेला तो राजीनामा होता. मालकाने कामावरून कमी केले असते, तर भरपाई मागता आली असती. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला ती मागता येत नाही. पुढे वर्गात हा प्रसंग सांगताना ते म्हणाले की तो शब्द मला येत नसता, तर मी कोणाला तरी विचारले असते.

त्यांचे हे म्हणणे ध्यानात ठेवून आपण या शब्दाकडे वळू.

शब्दाचे कूळ

इंग्रजीतील ‘लेटर’ हा शब्द मूळचा लॅटिन आहे. लॅटिनमध्ये ‘लिट्टेरा’ म्हणजे वर्णमालेतील एक अक्षर. याच शब्दाचे अनेकवचन केले की त्याचा अर्थ केवळ ‘अक्षरे’ असा न राहता ‘लिहून पाठविलेला मजकूर’ असाही होई. पुष्कळ अक्षरे एकत्र आली की पत्र झाले, असा हा साधा हिशेब आहे. हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्लंडमध्ये आला. तेथील जुन्या इंग्रजीत अक्षराला ‘बोकस्टॅफ’ असा स्वतःचा शब्द होता. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर दरबार व न्यायालये यांत फ्रेंच शिरली आणि पुढे हा घरचा शब्द मागे पडला. जर्मन भाषेत मात्र त्याचा भाऊ ‘बुखश्टाबे’ अजून नांदतो आहे. इंग्रजीने फ्रेंचांकडून घेतलेल्या शब्दात अक्षर आणि पत्र हे दोन्ही अर्थ एकत्रच आले आणि आजपर्यंत ते एकत्रच राहिले आहेत.

याच कुळातले आणखी काही शब्द तुमच्या परिचयाचे असतील. ‘लिटरेट’ म्हणजे ज्याला अक्षरे येतात तो. आपला ‘साक्षर’ हा शब्द अगदी याच रीतीने बनला आहे : स + अक्षर, म्हणजे अक्षरांसहित असलेला. ‘इलिटरेट’ म्हणजे निरक्षर. ‘लिटरली’ या क्रियाविशेषणाला मराठीत ‘अक्षरशः’ हा नेमका शब्द आहे आणि त्यातही अक्षर आहेच. ‘लिटरेचर’ म्हणजे साहित्य. दूरदूरच्या दोन भाषांनी अक्षर येण्या-न येण्यावरून माणसाची ओळख सांगणारा शब्द सारख्याच पद्धतीने घडवावा, ही नवलाची गोष्ट आहे.

पत्राच्या बाबतीत मात्र मराठीने निराळी वाट धरली. ‘पत्र’ हा संस्कृत शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ पान. बिल्वपत्र, तुळशीपत्र, कमलपत्र या शब्दांत तो अर्थ जिवंत आहे. गणेशचतुर्थीला गणपतीला वाहतात ती ‘पत्री’ आणि पाने टाचून जेवणासाठी केलेली ‘पत्रावळ’ याच शब्दापासून आल्या. पूर्वी लेखन पानांवर होत असे. उत्तरेकडे भूर्ज वृक्षाची साल वापरीत, तिला भूर्जपत्र म्हणत. दक्षिणेकडे ताडाच्या पानांवर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरीत. तांब्याच्या पातळ तगडावर राजाचे दान कोरले की ते ‘ताम्रपत्र’ झाले. पान गेले, कागद आला, तरी नाव पत्रच राहिले. घराच्या छपरावर घालतो तो ‘पत्रा’ देखील याच घराण्यातला आहे. (टपाल घेऊन येणारा पोस्टमन आणि छपरावरचा पत्रा यांचे असे दूरचे नाते आहे, हे मुलांना सांगून पाहा, त्यांना गंमत वाटते.)

बेंगळूरुमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा आणखी एक पुरावा शेजारीच मिळेल. कन्नड भाषेत ‘ओले’ या शब्दाचा अर्थ ताडाचे पान असा आहे आणि पत्र असाही आहे. बोलण्यात कन्नड माणूस पत्राला ‘कागद’ म्हणतो. आपल्याकडेही जुन्या पिढीतील माणसे ‘गावाकडून कागद आला’ असेच म्हणत.

थोडक्यात, इंग्रजीने पत्राला त्यात लिहिलेल्या अक्षरावरून नाव दिले. मराठी आणि कन्नड यांनी ते ज्यावर लिहिले त्या पानावरून दिले. अरबी भाषा येथे इंग्रजीच्या बाजूची आहे. तिच्यातील ‘खत’ या शब्दाचा अर्थ रेघ, लिखाण आणि मग पत्र असा वाढत गेला. फारसीतून तो मराठीत आला आणि आपल्याकडे कायद्याच्या कागदांना चिकटला : गहाणखत, खरेदीखत, कर्जखत. ‘दस्तखत’ म्हणजे हाताचे लिखाण, अर्थात सही. शेतात घालतो ते खत वेगळे. त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) ‘साक्षर’ आणि ‘लिटरेट’ या दोन शब्दांच्या घडणीत कोणते साम्य आहे?
(आ) ‘पत्र’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्यात टिकून आहे, असे पाठात न आलेले दोन शब्द लिहा.
(इ) तुमच्या घरी किंवा नातेवाइकांकडे ‘-खत’ हे पद शेवटी असलेला एखादा कागद आहे का? त्याचे पूर्ण नाव लिहा.

पहिले घर : अक्षर

अर्जाच्या छापील नमुन्यावर ‘कॅपिटल लेटर्स’ किंवा ‘ब्लॉक लेटर्स’ अशी सूचना असते. येथे पत्राचा काहीही संबंध नाही. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे असतात, मोठे आणि लहान. देवनागरीत अशी सोय नाही, म्हणून ‘कॅपिटल’ला मराठीत रूढ शब्द नाही, ‘मोठ्या लिपीतील अक्षरे’ असे आपण समजून घ्यावे. ‘ब्लॉक लेटर्स’ म्हणजे एकमेकांना न जोडता, सुटी सुटी काढलेली मोठी अक्षरे. ही सूचना असताना वळणदार, जोडलेल्या अक्षरांत नाव लिहिले, तर नाव वाचणाऱ्याला म किंवा न कळत नाही आणि प्रमाणपत्रावर भलतेच नाव छापले जाते. ते दुरुस्त करून घेण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले आहेत त्यांनाच ठाऊक.

अशा नमुन्यांत नावासाठी लहान लहान चौकटी आखलेल्या असतात आणि एका चौकटीत एक ‘लेटर’ लिहावयाचे असते. येथे मराठी माणसाची एक गफलत होते, कारण आपले अक्षर आणि इंग्रजांचे लेटर तंतोतंत सारखे नाही. मराठीत व्यंजन आणि त्याला लागलेला स्वर मिळून एक अक्षर होते. ‘बेंगळूरु’ या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो : बें, ग, ळू, रु. इंग्रजीत हेच नाव लिहिण्यास नऊ लेटर्स लागतात. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत इंग्रजी नाव ‘बँगलोर’चे ‘बेंगळूरु’ झाले. जुन्या नावातही नऊच लेटर्स होती, हा योगायोग. ‘पत्र’ हा दोन अक्षरांचा मराठी शब्द रोमन लिपीत लिहिला, तर पाच चौकटी भरतात. म्हणून लेखणी टेकवण्यापूर्वी आपले नाव रोमन लिपीत एका कोऱ्या कागदावर लिहून लेटर्स मोजावीत आणि दोन शब्दांमध्ये एक चौकट मोकळी सोडावी.

कर्नाटकात नावाआधी गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर लावण्याची रीत आहे. आपण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन पदरी नाव लावतो. दोन रीतींच्या मध्ये सापडून एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले मी पाहिले आहे. सर्व कागदांवर नाव एकाच रीतीने आणि त्याच लेटर्सनी लिहावे.

आणखी एक चूक वारंवार होते. मराठीत ‘तिचे अक्षर चांगले आहे’ असे आपण म्हणतो. येथे अक्षर म्हणजे लिहिण्याचे वळण. याचे शब्दशः इंग्रजी करून ‘तिचे लेटर चांगले आहे’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला तिने लिहिलेले पत्र चांगले आहे असे वाटेल. वळणदार अक्षराला इंग्रजीत ‘हँडरायटिंग’ म्हणतात. म्हणजे ‘लेटर’ला ‘अक्षर’ हा प्रतिशब्द असला, तरी ‘अक्षर’ला प्रत्येक ठिकाणी ‘लेटर’ चालत नाही. शब्दांचा हा रस्ता एकेरी वाहतुकीचा आहे.

दुसरे घर : पत्र

आता पत्राकडे येऊ. कर्नाटकातच नव्हे, तर भारतातील अनेक शहरांत सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या गेलेले आहेत. दूरध्वनी घरोघरी येण्यापूर्वी अशा कुटुंबांचा गावाशी असलेला धागा म्हणजे पत्र. हे पत्र लिहिण्याची एक ठरलेली घडी होती. वडिलांना ‘तीर्थरूप’, लहानांना ‘चिरंजीव’, आरंभी ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, मध्ये खुशाली, पाऊसपाणी, पैशांचा निरोप, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. या आरंभीच्या भागाला ‘मायना’ म्हणतात. ज्यांना लिहिता येत नसे ते दुसऱ्याकडून लिहून घेत. मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाबाहेर पैसे घेऊन पत्रे लिहून देणारे लेखनिक बसत आणि कामगारांची सुखदुःखे त्यांच्या लेखणीतून गावोगाव पोहोचत. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या पत्रात मनातले सगळे सांगता येत नाही, हे उघड आहे. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र शेजाऱ्याने लिहायचे आणि गावी मास्तरांनी वाचून दाखवायचे, म्हणजे त्यात खुशालीपलीकडे काय उरणार! स्वतः लिहिता-वाचता येणे म्हणजे काय, हे अशा पत्रांवरून जितके कळते तितके कोणत्याही व्याख्येवरून कळत नाही.

घरगुती पत्राला इंग्रजीत लेटर म्हणतात तसेच कचेरीच्या कागदालाही लेटरच म्हणतात. खरी गुंतागुंत येथे आहे. इंग्रजी भाषा त्या एकाच शब्दाआधी दुसरा शब्द जोडून कागदाची जात सांगते. मराठीत मात्र प्रत्येक जातीला बहुधा वेगळे नाव असते आणि त्या नावात ‘पत्र’ असेलच असे नाही. ‘अपॉइंटमेंट लेटर’ला आपण नियुक्तिपत्र म्हणतो. ‘ऑफर लेटर’ म्हणजे नोकरी देऊ इच्छितो असे सांगणारे प्रस्तावपत्र. ते नियुक्तिपत्राच्या आधी येते आणि त्यात बहुधा काही अटी घातलेल्या असतात. या दोहोंतील फरक न समजल्याने प्रस्ताव हाती येताच जुनी नोकरी सोडून बसलेले तरुण या शहरात कमी नाहीत. ‘अथॉरिटी लेटर’ म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला काम करण्याची मुभा देणारे अधिकारपत्र. ‘कव्हरिंग लेटर’ हे अर्जासोबत जोडलेले पत्र असते. ‘कॉल लेटर’ला मुलाखतीचे बोलावणे म्हणावे. ‘एक्सपिरियन्स लेटर’ म्हणजे अनुभवाचा दाखला.

‘रेझिग्नेशन लेटर’ आणि ‘रिलीव्हिंग लेटर’ या जोडीपाशी मात्र आपण थोडे थांबले पाहिजे. पहिल्याला मराठीत ‘राजीनामा’ म्हणतात. तो कामगार मालकाला देतो. दुसरे म्हणजे कार्यमुक्तिपत्र. ते मालक कामगाराला देतो. कामगार आपल्या सेवेतून मोकळा झाला, असे त्यात म्हटलेले असते. दोन्ही कागद नोकरी सुटण्याच्या वेळचे आणि दोहोंच्या नावात ‘लेटर’ आहे. पण एकाची दिशा इकडून तिकडे आणि दुसऱ्याची तिकडून इकडे. ‘राजीनामा’ म्हटले असते, तर आपल्या त्या विद्यार्थ्याने सही केली नसती. राजी म्हणजे खुशीने तयार असलेला आणि नामा म्हणजे लेख. जो राजी नाही, त्याचा राजीनामा कसा होईल, हा प्रश्न मराठी शब्द आपोआप विचारतो. ‘लेटर’ हा शब्द असा कोणताच प्रश्न विचारीत नाही.

म्हणून इंग्रजी कागद पूर्ण वाचता येत नसला, तरी त्याची दिशा आधी पाहावी. वरच्या भागात डाव्या बाजूस ‘टू’ हा शब्द असतो. त्याखाली ज्याचे नाव असेल त्याला ते पत्र लिहिलेले आहे. शेवटी ज्याच्या सहीसाठी जागा असेल तो पत्र लिहिणारा. वर कंपनीचे नाव आणि खाली आपल्या सहीची जागा असेल, तर ते पत्र आपल्याला आलेले नाही, आपण लिहीत आहोत. कधी कधी ‘पत्र मिळाले’ एवढ्यासाठीच सही मागतात. ती सही करण्याआधी ‘रिसीव्हड’ म्हणजे ‘मिळाले’ हा शब्द व तारीख तेथे आहे ना, हे पाहावे. नसल्यास स्वतः लिहावी. सही मराठीत केली तरी चालते. समजल्याशिवाय सही करणार नाही, उद्या वाचून आणतो, असे म्हणण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

उलट बाजूही पाहू. मराठीत ‘पत्र’ शेवटी असलेले कितीतरी शब्द आहेत ज्यांना इंग्रजीत लेटर म्हणत नाहीत. वर्तमानपत्र, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्र. आणि ‘पत्रिका’ जोडलेले शिधापत्रिका, प्रश्नपत्रिका, मतपत्रिका, जन्मपत्रिका. या सर्वांत पत्र म्हणजे लिहिलेला कागद, एवढाच अर्थ आहे. तो कोणी कोणाला पाठविलेला असण्याची गरज नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) पुढील वाक्यांतील ‘लेटर’ या शब्दाच्या जागी योग्य मराठी शब्द घाला.
१. तुमच्या आडनावातील तिसरे लेटर चुकले आहे.
२. बँकेत मी येऊ शकत नाही. मुलाजवळ लेटर देऊन त्याला पाठवितो.
३. नोकरी सोडायची म्हणून त्याने साहेबांना लेटर दिले.
४. महिनाभराने साहेबांनी त्याला लेटर देऊन मोकळे केले.
(आ) तिसऱ्या व चौथ्या वाक्यांतील कागदांवर सही कोणाची असेल?

लेटर, मेल आणि पोस्ट

पत्रव्यवहाराशी संबंधित आणखी दोन इंग्रजी शब्द आपण सर्रास वापरतो. त्यांचा विचार ओघाने आला म्हणून थोडक्यात करू. ‘मेल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ पिशवी, थैली असा होता. पत्रांची थैली म्हणता म्हणता थैलीतील पत्रांनाच मेल म्हणू लागले. टपालाच्या थैल्या नेणारी गाडी ती ‘मेल’ गाडी. हावडा मेलसारख्या नावांत ती आठवण राहिली आहे. मराठीतील ‘खलिता’ या शब्दाची कथा हुबेहूब अशीच आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ थैली. राजेरजवाड्यांची पत्रे थैलीत घालून पाठवीत, म्हणून दरबारी पत्रालाच खलिता हे नाव पडले. ‘ब्लॅकमेल’मधील मेलचा मात्र पत्राशी संबंध नाही. तो स्कॉटलंडकडील निराळा शब्द असून त्याचा अर्थ सारा किंवा खंडणी. धमकीचे पत्र म्हणजे ब्लॅकमेल, अशी पुष्कळांची समजूत असते, ती चुकीची आहे.

‘पोस्ट’ या शब्दाच्या मुळाशी ‘ठेवलेला, नेमलेला’ असा अर्थ आहे. रस्त्यावर ठरावीक अंतरावर माणसे व घोडे नेमून ठेवीत आणि पत्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हातोहात जाई. आपल्याकडेही जासूद, हरकारे, सांडणीस्वार असेच टप्प्याटप्प्याने धावत.

बेंगळूरु शहर या व्यवहाराचे जुने साक्षीदार आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. तेव्हापासून येथे मराठी भाषा बोलली व लिहिली जात आहे. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात शहाजीराजांच्या येथील दरबाराचे वर्णन आहे. शहाजीराजांचे कारभारी नारो त्रिमल हणमंते यांचे पुत्र रघुनाथपंत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्या नावावर आहे. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. कचेरीची भाषा सामान्यांना कळावी की नाही, हा प्रश्न किती जुना आहे पाहा. अर्थात कोशातले सगळेच शब्द रुळले नाहीत. ‘राजीनामा’सारखे फारसी शब्द टिकले आणि आज तेच आपल्याला घरचे वाटतात. भाषा कोशकारांचे ऐकते, पण सगळे ऐकत नाही.

पुढे म्हैसूर संस्थानाच्या कारभारातही मराठी वापरात होती. सर मार्क कबन हे आयुक्त असताना (१८३४ ते १८६१) तिची जागा कन्नडने घेतली. ज्यांच्या नावाचे उद्यान आज शहराच्या मध्यभागी आहे, तेच हे कबन. म्हैसूरची स्वतःची टपालव्यवस्था होती. तिला ‘अंचे’ म्हणत. चिक्कदेवराज वडेयर यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची उभारणी झाली आणि १८८९ मध्ये ती ब्रिटिश भारताच्या टपाल खात्यात विलीन झाली. शब्द मात्र विलीन झाला नाही. कन्नडमध्ये टपाल कार्यालयाला अजूनही ‘अंचे कचेरी’ म्हणतात. ‘अंचे’ या कन्नड शब्दाचा दुसरा अर्थ हंस असा आहे. नल-दमयंतीची गोष्ट ठाऊक असणाऱ्याला तो ऐकून निरोप्या हंस आठवल्याशिवाय राहत नाही. आणि ‘कचेरी’ तर आपलीच. राजभवन मार्गावरील मुख्य टपाल कार्यालयात, पिन क्रमांक ५६०००१, कधी गेलात तर पाटीवरील कन्नड अक्षरे लावून पाहा.

टपालाची रूपे या काळात बदलली. १८७९ मध्ये भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. १९७२ मध्ये पिन क्रमांक आले. २०१३ मध्ये तार बंद झाली. २०२५ मध्ये नोंदणी टपालाची जुनी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली. ‘रजिस्टर्ड लेटर पाठवा’ असे जुन्या नमुन्यांवर छापलेले आढळल्यास टपाल कार्यालयात विचारणा करून पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी.

काही विशेष प्रयोग

‘मॅन ऑफ लेटर्स’ म्हणजे पत्रे लिहिणारा माणूस नव्हे. येथे अनेकवचनी ‘लेटर्स’चा अर्थ साहित्य, विद्या असा आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या साहित्य अकादमीच्या इंग्रजी नावापुढे ‘नॅशनल अकॅडमी ऑफ लेटर्स’ असे लिहितात. अकादमीचे एक प्रादेशिक कार्यालय बेंगळूरुमध्ये आहे. ती पाटी वाचून पत्रलेखन शिकविणारी संस्था असावी असे कोणाला वाटले, तर त्याला हसू नये. शब्द ज्या घरी प्रथम भेटला तेच त्याचे एकमेव घर, असे आपण सगळेच समजतो.

न्यायालयात ‘लेटर्स पेटंट’ हा प्रयोग ऐकू येतो. पेटंट म्हणजे उघडे. सर्वांनी वाचावी म्हणून उघडी ठेवलेली राजाची सनद, असा त्याचा अर्थ. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये अशाच सनदेने स्थापन झाले. कागद एकच, तरी शब्द अनेकवचनी. लॅटिनमधील जुनी रीत येथे जशीच्या तशी उरली आहे.

‘टू द लेटर’ म्हणजे सूचनेतील अक्षर न् अक्षर पाळून, तंतोतंत. ‘डेड लेटर’चे दोन अर्थ आहेत. ज्याचा पत्ता लागत नाही आणि जे पाठविणाऱ्यालाही परत देता येत नाही, ते पत्र हा पहिला. अशा पत्रांसाठी टपाल खात्यात वेगळी कचेरी असे. दुसरा अर्थ, जो कायदा रद्द झालेला नाही पण कोणी पाळतही नाही तो. आपण त्याला ‘कागदावरच राहिलेला कायदा’ म्हणतो, आणि मला हा मराठी प्रयोग इंग्रजीहून अधिक बोलका वाटतो. ‘रेड लेटर डे’ म्हणजे तांबड्या अक्षरांत छापण्याजोगा, संस्मरणीय दिवस. दिनदर्शिकेतील तांबडे आकडे पाहण्याची सवय असलेल्यांना हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वाध्याय

१. ‘लेटर’ या शब्दाचे पाठात आलेले तीन अर्थ सांगून प्रत्येकाचे एक वाक्य तयार करा.

२. ‘तिचे अक्षर चांगले आहे’ या वाक्यात ‘लेटर’ हा प्रतिशब्द का चालत नाही, ते दोन-तीन वाक्यांत स्पष्ट करा.

३. ‘मेल’ व ‘खलिता’ या शब्दांच्या अर्थविकासातील साम्य लिहा.

४. तुमचे पूर्ण नाव रोमन लिपीत ब्लॉक लेटर्समध्ये, एका चौकटीत एक याप्रमाणे लिहा. देवनागरीत त्याची अक्षरे किती व रोमन लिपीत लेटर्स किती होतात, ते मोजा. तुमच्या दोन ओळखपत्रांवरील नाव याच्याशी जुळते का, ते पडताळून पाहा.

५. आजारी असल्यामुळे तुम्ही बँकेत जाऊ शकत नाही. पासबुक भरून आणण्यासाठी घरातील एका व्यक्तीला अधिकार देणारे पत्र शाखाधिकाऱ्यांना मराठीत लिहा. कोणाला, किती दिवसांसाठी आणि कोणत्या कामासाठी अधिकार देत आहात, ते स्पष्ट लिहा.

६. गेल्या वर्षभरात तुमच्या घरी आलेला, ‘लेटर’ म्हणून ओळखला जाणारा कोणताही एक कागद घ्या. तो कोणी कोणाला लिहिला आहे, सही कोणाची आहे, तारीख कोणती आहे आणि त्याला मराठीत काय म्हणावे, ते लिहून पुढील संपर्कवर्गाला येताना सोबत आणा.